वहीत नसलेला ठोकळा

मी काँक्रीटचा ठोकळा बोलतोय. लांबी, रुंदी, उंची सगळी सारखी, वीतभराहून थोडी कमी. वजन आठ किलोच्या वर, आणि एका अंगावर तांबड्या रंगात काढलेला अकराचा आकडा. ज्याच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही त्याला माणसं ठोकळा म्हणतात, हे मला ठाऊक आहे. मला त्याचा राग येत नाही. बारा वर्षं एक गोष्ट पोटात ठेवायची आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, याला ठोकळ्याचाच जन्म लागतो. आता ती गोष्ट लपवून उपयोग नाही, कारण पोटच उघडं पडलं आहे. माझे दोन तुकडे झाले आहेत.

आमच्या जातीचं आयुष्य अठ्ठावीस दिवसांचं. कुठे भिंत, खांब किंवा पूल ओतला जात असला की त्याच मालातला थोडा भाग लोखंडी साच्यात भरतात, दुसऱ्या दिवशी साचा काढतात आणि आम्हाला हौदातल्या पाण्यात बसवतात. मुदत भरली की यंत्रात घालून चेपतात. किती भाराला फुटलो तो आकडा वहीत लिहितात आणि आमचा चुरा मागच्या अंगणात फेकतात. परीक्षेला बसायचं आणि परीक्षेतच मरायचं. त्यातही एक गंमत आहे. ठोकळे पास व्हावेत म्हणून काही मुकादम त्यांच्यापुरता वेगळा माल कालवतात, सिमेंट सढळ हाताने घालून. ठोकळा तुपाशी आणि भिंत उपाशी. माझा असा लाड कुणी केला नाही. मी थेट भिंतीच्याच मालातला, तिचा सख्खा भाऊ. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ती भिंत समुद्राच्या काठावर आहे. तिच्यामागे एक गल्ली, गल्लीत चाळीसेक घरं, एक शाळा आणि होड्या दुरुस्त करायच्या दोन शेड. भिंत नव्हती तेव्हा उधाणाचं पाणी घरांत शिरायचं आणि माणसं गाद्या माळ्यावर टाकून खुर्च्यांवर पाय घेऊन बसायची, असं मी ऐकलं आहे.

तेव्हा नद्यांची वाळू उपसून उपसून पुलांचे पाये उघडे पडले होते आणि उपशावर बंदी आली होती. भिंत तर हवी होती. मग त्या वेळच्या साहेबांनी ठरवलं, की अर्धी वाळू दगड भरडून केलेली घ्यायची आणि अर्धी किनाऱ्यावरची, पण गोड्या पाण्यात तीनदा धुतलेली. गल्लीतले लोक हसले. समुद्र अडवायला समुद्राचीच वाळू म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं होड्या दुरुस्त करणारा एक म्हातारा साहेबांच्या तोंडावर म्हणाला. त्याचं अगदीच चुकत नव्हतं. वाळूतलं मीठ काँक्रीटला फारसं काही करत नाही, ते आतल्या लोखंडी सळईला खातं. सळई गंजते, गंजून फुगते, आणि बाहेरून धडधाकट दिसणारी भिंत आतून तडकते. म्हणजे सगळी भिस्त त्या तीन धुण्यांवर होती.

प्रयोगशाळेत वाळू चाळायचं काम एक बाई करायची. एकावर एक सहा चाळण्या रचून दिवसभर हलवायच्या, म्हणून तिचं नाव पडलं चाळणीबाई, आणि तीही त्या हाकेला ओ द्यायची. बाकीचे तिला अहो-जाहो करतात. मी करणार नाही. तिने मला घडवलं, आणि आईला कुणी अहो-जाहो करत नाही. रोज सकाळी ती एक छोटी बाटली घेऊन वाळू धुण्याच्या हौदावर यायची. तिसऱ्या धुण्याचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, बाटलीतल्या औषधाचे दोन थेंब टाकायचे. पाणी दुधासारखं पांढरं झालं तर मीठ आहे, पुन्हा धुवा. स्वच्छ राहिलं तर वाळू मिक्सरकडे न्या.

भिंतीचा मिस्त्री तिचा सख्खा थोरला भाऊ. मिस्त्रीला बाटलीची गरज वाटत नसे. तो पाण्यात बोट बुडवायचा, जिभेला लावायचा, डोळे मिटून क्षणभर थांबायचा आणि म्हणायचा, "गोडं आहे, चालू द्या." दीड महिना बाटलीची आणि जिभेची रोज शर्यत लागली आणि जीभ एकदाही हरली नाही. साहेबसुद्धा गमतीने म्हणाले, "मिस्त्री, तुमची जीभ प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवायला हवी." त्यानंतर बहिणीला यायला उशीर झाला तर कुणी थांबेनासं झालं. जिभेच्या शब्दावर माल पडू लागला. चूक झाली ती इथे, आणि ती एकट्या मिस्त्रीची नव्हती, असं मला वाटतं.

माझ्या जन्माच्या दिवशी मिस्त्रीला ताप होता. दोन दिवसांपासून अंगात कणकण होती, पण बायको माहेरी गेलेली, घरी राहा म्हणणारं कुणी नव्हतं. कपाळाला फडकं बांधून तो कामावर आला. त्या दिवशी पाण्याचा टँकर अर्धाच भरून आला. धुणाऱ्यांनी दोन धुण्यांत गोडं पाणी संपवलं आणि तिसरं धुणं दुसऱ्या धुण्याच्याच पाण्यात उरकलं. चाळणीबाई प्रयोगशाळेत अडकली होती, कारण तिथे काही ठोकळ्यांचे अठ्ठावीस दिवस भरले होते. मिस्त्रीने बोट बुडवलं, जिभेला लावलं, डोळे मिटले. गोडं आहे, म्हणाला. दुपारपर्यंत आठ पावलं लांबीची भिंत ओतून झाली.

दुपारी बहीण डबा घेऊन आली. मिस्त्रीने पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"अगं, भाजीत मीठच नाही."

"घातलंय की, दादा. मी जेवून आले ना."

"कुठलं घातलंय? नुसतं पाणी लागतंय. वहिनी नाही म्हणून काय वाटेल ते खायला घालणार का मला?"

ती हसली. हसत हसत तिने भाजीचा रस बोटावर घेऊन चाखला. मीठ होतं. थोडं जास्तच पडलं होतं. तिचं हसू तिथेच थांबलं. तिने भावाच्या कपाळाला हात लावला, मग हौदाकडे पाहिलं, मग ओल्या भिंतीकडे.

"दादा, आज वाळू कुणी चाखली?"

"मी. दुसरं कोण चाखणार?"

ती बाटली घेऊन हौदाकडे धावली, पण हौद उपसून कोरडा झाला होता आणि वाळूचा कणही उरला नव्हता. मिक्सरशी शेवटची एक ढकलगाडी तेवढी उभी होती, उरलेल्या मालाची. तिने साच्याला तेल लावलं, त्यात तो माल भरला आणि लोखंडी कांबीने ठोसून ठोसून बसवला. ठोसताना ती सारखी मान वळवून भिंतीकडे बघत होती. एका कोपऱ्यात अजून एक बारीक पोकळी आहे माझ्या, ती तेव्हा चुकलेल्या ठोशाची.

आता तुम्ही विचाराल, ती साहेबांकडे का गेली नाही. वडील गेले तेव्हा हिची शाळा सुटू नये म्हणून दादाने कोवळ्या वयात थापी हातात घेतली होती. ती साहेबांकडे गेली असती तर आठ पावलं भिंत फोडावी लागली असती आणि ज्या जिभेचं कौतुक चाललं होतं तिचीच चेष्टा झाली असती. शिवाय कदाचित वाळू नीट धुतलीही गेली असेल. कदाचित हा शब्द माणसांना फार सोयीचा पडतो. तो घेऊन ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तिने समोर उभं राहून वाळू तीनदा धुवून घेतली, थेंब टाकून पाहिले आणि त्या मालाचा आणखी एक ठोकळा भरला. तो बारा नंबर, माझा धाकटा भाऊ. अठ्ठावीस दिवसांनी आम्हा दोघांना चेपलं नाही. प्लास्टिकच्या क्रेटमध्ये घालून, नायलॉनच्या दोराने भिंतीच्या पायाशी कडीला बांधलं, जिथे भरतीचं पाणी दिवसातून दोनदा चढतं. समुद्र काय करतो ते बघू या, असं तिने साहेबांना सांगितलं. साहेबांना कल्पना आवडली. बाराची नोंद वहीत झाली. माझी तिने केली नाही, आणि दहानंतर एकदम बारा कसा आला, हे कुणी विचारलं नाही.

मग वर्षं गेली. भरतीला बुडायचं, ओहोटीला उन्हात वाळायचं, पुन्हा बुडायचं. अंगावर शेवाळ आलं, शिंपले चिकटले. समुद्र दिवसभर गप्पा मारतो आणि एकही गोष्ट पुरी करत नाही. वर्षातून एकदा चाळणीबाई यायची, आम्हाला खरवडायची, छोट्या हातोडीने एकेक ठोका द्यायची आणि कान लावून ऐकायची. बारा खण्ण वाजायचा. मीही तसाच खण्ण वाजायचो. ती मोठा श्वास सोडायची आणि वर्षभरासाठी निश्चिंत होऊन जायची.

खरं सांगायचं तर मलाही वाटायचं, आपल्याला काही झालेलं नाही. कुठे दुखत नव्हतं, कुठे फुटलो नव्हतो. पण दुखायला आत सळई लागते आणि माझ्या पोटात ती नव्हतीच. ती भिंतीच्या पोटात होती. चाळणीबाईला हे कळत नव्हतं असं नाही. तिची बाटली तिच्याच कपाटात होती आणि ती मला कधीही फोडून पाहू शकली असती. पण फोडलं असतं तर कळलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून ती दर वर्षी माझ्या बाहेरच्या अंगावर हातोडी मारून परत जायची.

भिंत उभी राहिली. गल्लीत पाणी शिरायचं थांबलं आणि लोक तिला मिस्त्रीची भिंत म्हणू लागले. मिस्त्री थकला, त्याने थापी ठेवली, आणि संध्याकाळी तो भिंतीवर येऊन बसू लागला. जो भेटेल त्याला जिभेच्या गोष्टी सांगायचा. त्यातली एक गोष्ट तर ठरलेली. "आमच्या धाकटीने एकदा मला बिनमिठाची भाजी खायला घातली, तीही आजारपणात." हे तो पाहुण्यांना सांगायचा, सोयऱ्यांना सांगायचा, बहीण शेजारी बसलेली असताना सांगायचा. ती ऐकून घ्यायची. मी खाली पाण्यात बसून ऐकायचो.

बाराव्या वर्षी साहेबांच्या जागी नव्या मॅडम आल्या. समुद्र दर वर्षी थोडा वर चढतो आहे, तेव्हा भिंत आणखी कमरेएवढी उंच करायची, आणि पलीकडच्या वस्तीसाठी याच वाळूची दुसरी भिंत बांधायची, असं ठरलं होतं. त्याआधी जुनी भिंत तपासायला हवी. मॅडमनी चार ठिकाणी भोकं पाडून आतले नमुने काढले. चारही उत्तम निघाले. त्या आठ पावलांत एकही भोक पडलं नव्हतं. तिथे मात्र एक बोटभर लांब तांबूस ओघळ आला होता. एखाद्या होडीचा गंज लागला असेल, असं मिस्त्री म्हणाला.

मॅडम वही चाळत होत्या. "बाई, इथे दहानंतर एकदम बारा आहे. अकरा कुठे गेला?"

"असेल कुठेतरी," चाळणीबाई म्हणाली.

त्या संध्याकाळी ओहोटीला ती आली आणि तिने दोर ओढून आमचा क्रेट वर घेतला. मिस्त्री भिंतीवर बसलाच होता.

"काय गं, वाढदिवस आहे वाटतं आज यांचा?"

ती त्याच्या शेजारी बसली. बराच वेळ शिंपले खरवडत राहिली.

"दादा, तुला तो ताप आठवतो? वहिनी माहेरी गेली होती तेव्हाचा?"

"न आठवायला काय झालं? तू भाजीत मीठ घालायला विसरली होतीस."

"विसरले नव्हते."

मिस्त्री पुढे काही बोलणार होता, तो थांबला. सगळा जन्म माल कालवण्यात गेलेला माणूस, त्याला जास्त सांगावं लागलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, आकडा वाचला, मग मान वळवून भिंतीवरच्या त्या तांबूस ओघळाकडे पाहिलं.

"बारा वर्षं मी केलेली टिंगल ऐकून घेतलीस?"

"तुला ताप होता, दादा. तुझी चूक नव्हती."

"ताप मला होता," मिस्त्री म्हणाला. "तुला काय झालं होतं?"

ती रडली, आणि त्याने तिला रडू दिलं. गल्लीतून शाळेच्या पोरांचा आवाज येत होता.

"काही नसेलही निघायचं," ती म्हणाली.

"नसेलही. पण या आठ पावलांवर आणखी कमरेएवढं ओझं चढायच्या आत कळलेलं बरं. मागे शाळेत पोरं बसतात." तो उठला, वाकून त्याने मला उचललं आणि पोटाशी धरलं. "हा मी नेतो. तू बारा घे. उद्या तुझ्या मॅडमकडे दोघं जाऊ."

त्या वयात आठ किलो वजन घेऊन तो मध्ये एकदाही थांबला नाही. मला इतकी वर्षं कुणी असं धरलं नव्हतं.

सकाळी चाळणीबाईने मॅडमना सगळं सांगितलं, डब्यापासून ओघळापर्यंत. मॅडम तिला एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि मला वाटतं, बोलल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी आधी बाराला यंत्रात घातलं आणि मधोमध फोडून दोन तुकडे केले. नुकत्याच उघड्या पडलेल्या आतल्या अंगावर बाटलीतलं औषध फवारलं. थोड्या वेळाने कडेला दोन बोटं रुंदीची पांढरी पट्टी उमटली आणि आतला सगळा भाग तपकिरी, म्हणजे बिनमिठाचा, निघाला.

"बघा," मॅडम म्हणाल्या, "बारा वर्षांत समुद्र दोन बोटं आत आला. भिंतीत सळई चार बोटं आत आहे. या वाळूला आता कुणी नावं ठेवू नयेत."

मग माझी पाळी आली. मी घाबरलो होतो, पण मरणाला नाही. मरायचं तर मला अठ्ठाविसाव्या दिवशीच होतं. माझ्या पोटात काय आहे हे मलाही माहीत नव्हतं, आणि ते या तिघांसमोर निघणार होतं. यंत्राचा दांडा खाली आला, मी मधोमध फुटलो, आणि पहिल्यांदाच माझ्या आत उजेड गेला. मॅडमनी फवारलं. सगळे वाट बघत राहिले. कडा पांढऱ्या झाल्या. मग त्यांच्या आतला भाग पांढरा झाला. मग थेट मधला गाभा. तपकिरी ठिपकासुद्धा कुठे उरला नाही. माझ्या गाभ्यातलं मीठ समुद्राने घातलेलं नव्हतं, मी जन्मलोच ते घेऊन.

मिस्त्रीने वाकून माझा पांढरा झालेला तुकडा नीट पाहिला.

"म्हणजे त्या दिवशी भाजीत मीठ होतं," तो म्हणाला.

"थोडं जास्तच होतं, दादा."

आठवड्याभरात ती आठ पावलं उघडली. सळयांची साल निघाली होती, काही ठिकाणी बोटाने पापुद्रा सुटत होता, पण गाभा शाबूत होता. आणखी काही वर्षं गेली असती, वर ओझं चढलं असतं आणि एखादं मोठं उधाण आलं असतं, तर काय झालं असतं ते मॅडमनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. गंजलेल्या सळया काढल्या, नव्या घातल्या, नवा माल ओतला. काम चाललं होतं तोवर मिस्त्री रोज तिथे स्टूल टाकून बसायचा. येणारा-जाणारा विचारायचा, "काय हो, तुमचीच भिंत फोडतायत?" तो म्हणायचा, "माझी जीभ चुकली होती." प्रत्येकाला सांगायचा, न चिडता, अगदी त्या होडीवाल्या म्हाताऱ्याच्या मुलालाही.

आता भिंत कमरेएवढी उंच झाली आहे. माझा एक तुकडा प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. दुसरा पलीकडच्या वस्तीच्या कामावर, वाळू धुण्याच्या हौदाशी ठेवला आहे आणि औषधाची बाटली माझ्या पाठीवर उभी असते. अजूनही एखादा नवखा गडी पाण्यात बोट बुडवून तोंडाकडे नेतो. मग स्टुलावर बसलेला म्हातारा मिस्त्री त्याचा हात धरतो आणि बाटलीकडे बोट दाखवतो.

माझं एवढंच मागणं आहे. वाळूला दोष देऊ नका. नदीची असो, दगडाची असो, नाहीतर समुद्राची, ती बिचारी जशी धुवाल तशी राहते. आणि एखादा ठोकळा वर्षानुवर्षं खण्ण वाजत असेल, तर तेवढ्यावर घरी जाऊ नका. वेळेत फोडा. आम्हाला त्याचं वाईट वाटत नाही.

वहीत दहा आणि बारा यांच्यामध्ये जागा नव्हती, तरी चाळणीबाईने बारीक अक्षरात एक ओळ बसवली आहे. "ठोकळा क्रमांक अकरा. गाभ्यापर्यंत मीठ. कारण: मिस्त्रीला ताप, बाई गप्प." खाली तिची सही आहे. तिच्या शेजारी, थापीची सवय असलेल्या हाताची, वाकडीतिकडी, तिच्या दादाची.